वाघाडी कुत्र्यांची व्यवस्था

मी पुंडलिक गुलाबराव डंभारे, वय ७३, जनावरांच्या दवाखान्यातील निवृत्त ड्रेसर, राहणार घाटंजी, जिल्हा यवतमाळ, आज माझ्या मागची व्यवस्था लावून ठेवतो. उजवा हात चालत नाही, म्हणून मी सांगतो आणि शेजारचे प्रफुल्ल मुनेश्वर लिहितात. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांना मी म्हटले, डोके ठिकाणावर आहे, पण एका गोष्टीचा निकाल लागत नाही. ते म्हणाले, तेवढे चालते.

१. राहते घर पत्नी मैनाबाई हिला. तिच्या हयातीत कोणी वाटा मागू नये.

२. विहिरीकडचे तीन एकर पुतण्या गोपाळ याला. बारा वर्षे तोच शेत वाहतो. नाल्याकडचे तीन एकर मुलगी उज्ज्वला हिला.

३. माझे चिमटे, टाक्याच्या सुया व वजनकाटा उज्ज्वलाला. ती जनावरांची डॉक्टर झाली, हे माझ्या आयुष्यात सरळ झालेले एक काम.

४. आता कुत्रे. रानडुकरे तूर उलथून टाकत, म्हणून अठरा वर्षांपूर्वी मी देवीलाल राठोड यांच्या तांड्यावरची शिकारी कुत्री आणि यवतमाळच्या एका साहेबाचा ग्रेट डेन यांची जोड लावली. पुढे दर वेतातून सर्वांत थोराड, आणि परक्याला जवळ येऊ न देणारे पिल्लू तेवढे ठेवत गेलो. कमरेइतकी उंची, पट्टेरी अंग. भुंकले की गोठ्याचा पत्रा वाजतो. इथल्या नदीवरून जातीला वाघाडी नाव दिले. पशुप्रदर्शनात माझे जुने साहेब सर्वांसमोर म्हणाले होते, "डंभारे, हे कुत्रं हाय का गोऱ्हा?" त्यांना मी माफ केलेले नाही. आज सात वाघाडी आहेत. ते सर्व गोपाळला द्यावेत व त्याने जात वाढवावी.

५. कलम ४ मधील शेवटचे वाक्य रद्द. उज्ज्वला म्हणते, "बाबा, वजीरचे खुबे पाहा. तीन वर्षांचा हाय अन् उठतानी कण्हते. आठव्या वर्षापुढं यातला एक तरी जगला काय?" जगला नाही, हे खरे. तिने सर्वांची नसबंदी करावी.

६. कलम ५ सुद्धा थांबवावे. गोपाळ म्हणतो, "मोठेबाबा, दोन वर्षांत डुक्कर वावराचा धुरा चढला नाही." हेही खरे.

७. वजीरबद्दल लिहिणे भाग आहे. गेल्या मार्गशीर्षात, न्याहारीच्या वेळी, मी तुरीत पडलो. हात गेला, जीभ गेली. वजीर माझ्या अंगाला अंग लावून बसला. गोपाळ काठी घेऊन धावत आला, त्याच्यावर तो गुरगुरला. रोज भाकर टाकणारा गोपाळ. देवीलाल आले, त्यांनाही दात दाखवले. मी "हट" म्हणत होतो असे मला वाटत होते, पण तोंडातून शब्द निघत नव्हता. तास गेला. मग मैनाबाई आली, सरळ चालत गेली, त्याचा कान धरला आणि म्हणाली, "चाल, बाजूले हो." तो उठून गेला.

जीभ पुढे परत आली, हात आला नाही. डॉक्टर म्हणतात, तासभर आधी आणले असते तर हात वाचला असता. पण त्या तासात माझे बाकी अंग गार पडत होते आणि फक्त कुत्र्याकडची बाजू ऊन होती, हेही मला आठवते. याला गुण म्हणावे की दोष, तीन महिने विचार करतो आहे. जे मी निवडत आलो, तेच त्याने केले.

८. काल मैनाबाईला विचारले. ती म्हणाली, "मले काहून इचारता? अठरा वर्षांत कदी इचारलं नाही."

मी म्हटले, आता विचारतो.

"त्याचा कान धरला ना, तवा तो सारा थरथरत होता. राखण कायची करते? भेला होता. मीबी भेली होती."

हे मला कोणी सांगितले नव्हते. मी भित्री जात तयार केली की मायाळू, आता तेही कळेनासे झाले.

९. म्हणून सातही कुत्रे मैनाबाईला. चिमणी नावाची मादी गाभण आहे. तिची पिल्ले ठेवावी की नाही आणि पुढे जात चालवावी की थांबवावी, हे मैनाबाईने ठरवावे. तिने मत बदलले तरी चालेल. गोपाळ व उज्ज्वला यांनी तिच्याशी वाद घालू नये; तो मी भरपूर घातला आहे. वजीरला कोणी मारू नये. कण्हतो तेव्हा उज्ज्वलाने औषध द्यावे.

१०. ही जात चांगली की वाईट, हे मला ठरवता आले नाही. तेवढ्यासाठी हे मृत्युपत्र अडवून ठेवू नये.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा केला.

घाटंजी, दि. २१ मार्च २०२५

पुंडलिक गुलाबराव डंभारे (डावा अंगठा)

साक्षीदार:
१. सत्यशीला मुनेश्वर, निवृत्त शिक्षिका (सही)
२. देवीलाल राठोड (सही)

लेखक: प्रफुल्ल मुनेश्वर (सही)

सांगणाराच्या इच्छेवरून जादा नोंद: देवीलाल सहीसाठी ओसरीवर आले, तेव्हा वजीर उंबऱ्यात आडवा पडला होता. त्याने डोळे उघडून पाहिले आणि पाय ओढून त्यांना वाट दिली. का, ते समजले नाही.