मानसशास्त्रातल्या संधी आणि संधिसाधू

३ जून, सोमवार
आजपासून करिअर. ठरलं म्हणजे ठरलं.

एम.ए. सायकॉलॉजी होऊन बराच काळ लोटला. मी मुद्दाम घाई केली नाही. घाई करणारे कुठेतरी चिकटतात आणि तिथेच वाळतात. क्लिनिकलच्या एंट्रन्सचा अभ्यास निवांत करता यावा म्हणून ताईकडे राहायला आलो, तर खोली मिळाली वॉशिंग मशीनची. मशीनच्या पोटात सगळ्या घराचे मोजे फिरतात आणि कुबट वाफ माझ्या उशीवर. शी. पण सोसतो.

संकल्प: पहाटे उठणे. दाढी राखणे. लोकांच्या मूर्खपणावर चिडणे बंद.

आमच्या विभागाच्या मॅडमचा मेसेज आला. पंधरा तारखेला सायकॉलॉजीवाल्यांसाठी करिअर मार्गदर्शन, माजी विद्यार्थ्यांनी जरूर यावे. ‘जरूर’ हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला. भाषण हवंय, सरळ मागायला लाजताहेत. विषयही ठरवून टाकला: मानसशास्त्रातल्या संधी आणि संधिसाधू.

६ जून, गुरुवार
उठलो तेव्हा ऊन खोलीत. गजराने उठल्यावर स्मरणशक्ती बिघडते, असं कुठेतरी वाचलंय. दाढी खाजते.

भावोजींचा वीट आला आहे. रजेवर आहेत म्हणे. दिवसभर बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. समोर चहा. चहावर साय धरते, सुरकुतते, कपाच्या कडेला चिकटते, आणि हा माणूस नुसता बघतो. अंघोळीचं नाव नाही, पेपर तसाच घडी घातलेला. मी बघताक्षणी निदान केलं: शुद्ध आळस.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, हळू बोल, ऐकू जाईल. म्हटलं, जावं म्हणूनच बोलतोय. तिने पातेलं ओट्यावर आदळलं. दडपलेला राग. हिचीही केस घ्यावी लागणार.

१५ जून, शनिवार
भाषण नव्हतं. तो मेसेज सगळ्यांनाच गेला होता. ‘जरूर’सकट.

हॉलमध्ये टेबलं मांडलेली. एकावर एचआर, एकावर शाळा समुपदेशन, एकावर रिसर्च, एकावर परदेशी शिक्षण. परदेशवाल्याने हात मिळवला. तळहात ओलाचिंब. नंतर माझा हात मी खिशात घालू शकलो नाही. शेवटी पडद्याला पुसला.

आणि स्टेजवर कोण? हंमग! माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. समोरचा काहीही बोलला तरी ही मान हलवून म्हणायची, हं, मग? म्हणून मी हे नाव पाडलं होतं. तिच्या डोक्यात स्वतःचा एकही विचार मी कधी पाहिला नाही. आता तिचं समुपदेशन केंद्र आहे, दाताच्या डॉक्टरांच्या वर. म्हणाली, या कामात सगळ्यात अवघड आहे ते गप्प बसणं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गप्प बसायला टाळ्या! मग फर्निचरलाही द्या.

मी प्रश्न विचारायला उठलो. प्रश्न जरा सविस्तर होता. मध्येच माइक बंद पडला. तांत्रिक बिघाड.

बाहेर पडताना एका विद्यार्थिनीने विचारलं, सर, तुम्ही सध्या कशात आहात? म्हटलं, ट्रान्झिशनमध्ये. तिने विचारलं, त्याला ॲडमिशन कुठे मिळते?

पोरांचा दर्जा घसरलाय.

१९ जून, बुधवार
एचआरचा इंटरव्ह्यू. जाणार नव्हतो, पण ताईने शर्टाला इस्त्री करून ठेवली.

काचेची केबिन. लिंबाचा खोटा वास, त्याच्याखाली कुणाच्या तरी डब्याचा खरा. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी हाताची घडी घातली होती. मी त्यांच्या भल्यासाठी सांगितलं, हे असुरक्षिततेचं लक्षण आहे, लहानपणी काही घडलं होतं का? त्या म्हणाल्या, एसी फार आहे. सगळे असंच काहीतरी सांगतात.

नंतर त्यांनी माझा कमकुवतपणा विचारला. म्हटलं, समोरचा आरपार दिसतो. त्या म्हणाल्या, आम्ही कळवू.

कळवलं. लिफ्ट खाली पोचायच्या आत. नुकसान त्यांचं.

२७ जून, गुरुवार
रिसर्च हेच माझं खरं क्षेत्र. मॅडमच्या ओळखीने एका प्रोफेसरांच्या लॅबमध्ये सहायक म्हणून गेलो. वाटलं, सिद्धान्तावर चर्चा होईल.

काम काय, तर मेंदूच्या लहरी मोजायला माणसांच्या डोक्याला तारा लावायच्या. त्याआधी केस बाजूला करून टाळूवर जेल चोळायचं. परक्या माणसाची टाळू! कोंडा, घाम, तेल. पहिल्याच माणसाच्या डोक्यात बोट घातलं आणि हात आपोआप मागे आला. तो बिचारा विचारू लागला, काही सापडलं का?

जेवणाच्या सुट्टीआधीच निघालो. प्रोफेसरांना म्हटलं, आपले पद्धतिशास्त्रीय मतभेद आहेत. ते म्हणाले, जाताना हात धुवून जा.

मेंदू महान आहे. त्याच्यावरचं आवरण सहन होत नाही.

१२ जुलै, शुक्रवार
हेल्पलाइनच्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग. पगार नाही, पण तिथे माझ्या प्रतिभेला धुमारे फुटणार होते. हेडफोनवर आधीच्या माणसाच्या कानाचा ऐवज. रुमाल मध्ये घालून बसलो.

नाटुकलं करायचं होतं. ट्रेनर बाई दुःखी माणूस, मी मदत करणारा. त्यांनी सुरुवात केली, मला हल्ली काहीच करावंसं वाटत नाही... पुढे कशाला ऐकायचं? मी धडाधड उपाय सांगितले. व्यायाम, छंद, लवकर उठणे. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, तुमच्या माणसाने फोन ठेवला. म्हटलं, म्हणजे प्रश्न सुटला.

गटात कुणी हसलं नाही. दुपारी मला चहा देऊन घरी पाठवलं. चहाही गार.

२० जुलै, शनिवार
एंट्रन्सचं पुस्तक उघडलं. प्रस्तावना उत्तम आहे.

ताई आणि भावोजी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बाहेर जातात. कुठे म्हणून विचारलं तर ताई म्हणते, चालायला. परत येतात ते हातात हात धरून. या वयात! बघवत नाही.

आज ताई भाजी आणायला गेली आणि मी संधी साधली. बाल्कनीत जाऊन भावोजींचं पहिलं सेशन घेतलं. म्हटलं, भावोजी, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला धडधाकट शरीर आहे, नोकरी आहे, माझ्या बहिणीसारखी बायको आहे. लोक कशाकशातून जातात! मनावर घ्या. तुमच्यामुळे ताई वाळत चालली आहे.

ते म्हणाले, खरं आहे रे. चुकतंय माझं. माझ्यामुळेच होतंय सगळं. उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

एका बैठकीत कबुली! लोक वर्षानुवर्षं घालवतात.

२१ जुलै, रविवार
नीट लिहवत नाही.

सकाळी भावोजी घरात नव्हते. फोन टेबलावर, चपला नाहीत. मी म्हटलं, बघ, फिरायला गेले, माझ्या बोलण्याचा परिणाम. ताईने विचारलं, कसलं बोलणं? सांगितलं. ती भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मला त्याला नाव देता आलं नाही.

मग आम्ही धावलो. ती एका बाजूला, मी एका बाजूला. बसस्टॉप, बाग, पुलाखालचा रस्ता. पुलावर उभं राहून खाली बघितलं. कचरा, काळं पाणी, फेस. त्यात मी काय शोधत होतो ते लिहीत नाही.

ताईचा फोन आला. सापडले. हंमगच्या केंद्राच्या जिन्यात बसले होते. रविवारी बंद असतं हे त्यांच्या लक्षात नव्हतं. दाताच्या डॉक्टरांच्या माणसाने पाहिलं आणि हंमगला फोन केला, तिने ताईला. हंमग ओल्या केसांनी तशीच आली होती.

मी पोचलो तेव्हा ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसलेली. पायरी पानाच्या पिंकेने लाल, पण तिने पुसलीही नव्हती. भावोजी रडत होते. ती काही बोलत नव्हती. मला बघून भावोजी म्हणाले, घरी थांबलो असतो तर काहीतरी वेडंवाकडं केलं असतं, म्हणून इथे आलो.

संध्याकाळी ताईने सांगितलं. डिप्रेशन आहे. महिनोन् महिने. डॉक्टरांची औषधं चालू, आणि आठवड्यातून दोनदा हंमगकडे. चालायला म्हणजे तिथे.

म्हटलं, ताई, अगं मला का नाही सांगितलंस? मी सायकॉलॉजी शिकलोय.

ती म्हणाली, म्हणूनच नाही सांगितलं.

३० जुलै, मंगळवार
दाढी काढली. खाली पुरळ उठलं होतं. घाणेरडं दिसतं.

भावोजींची माफी मागायला बाल्कनीत गेलो. वाक्यं पाठ केली होती. ते म्हणाले, बस. बसलो. त्यांच्या चहावर साय धरली होती. माझ्याही चहावर धरली. मला पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाची किळस आली. इतकं बोलणारं तोंड.

५ ऑगस्ट, सोमवार
एंट्रन्स काल झाली. मी गेलो नाही. या वर्षी पेपरचा दर्जा खालावलेला असणार.

हंमगला फोन केला. म्हटलं, काही संधी? ती म्हणाली, फ्रंट डेस्क रिकामं आहे. फोन घ्यायचा, आलेल्यांना बसवायचं, वेळ नोंदवायची. एकच अट, कुणाला सल्ला द्यायचा नाही. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि लगेच सांगितलं.

निरीक्षणाच्या दृष्टीने उत्तम जागा आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार
पहिला आठवडा. खुर्ची रेक्झिनची, पाठीला चिकटते. खालून ड्रिलचा आवाज आणि दातांच्या औषधाचा वास. वेटिंग रूममध्ये लोक नाक शिंकरून टिश्यू कुंडीत टाकतात. ते मीच उचलतो. कुणालाही सल्ला दिला नाही. दुपारी जीभ चावली, पण दिला नाही.

संध्याकाळी भावोजी आले. आज एकटेच, दाढी केलेली. आत दुसरं कुणी होतं म्हणून डेस्कजवळ टेकले. सहज म्हणाले, तू कसा आहेस रे?

मजेत, म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. काचेची केबिन, टाळू, बंद पडलेला माइक, पूल, सगळं. भावोजी मध्ये एकदाही बोलले नाहीत. त्यांची वेळ सुरू होऊन गेली तरी मी बोलतच होतो. नाक वाहत होतं. बाहीलाच पुसलं.

वर बघितलं तर दारात हंमग. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने भावोजींना आत पाठवलं, माझ्या बाजूने वाकून कीबोर्ड ओढला आणि गुरुवारच्या रिकाम्या वेळेत माझं नाव घातलं.

म्हटलं, स्टाफ ट्रेनिंग का?

म्हणाली, नाही.