आमचा टाकाऊ भुसा

प्रिय धाकट्या,

थंडी कशी आहे हे विचारत नाही. तुला ती वाजतच नाही, असं तूच फोनवर सांगितलंस. भिंतीतल्या शेगडीत भुशाच्या दाबलेल्या कांड्या, तुझ्या भाषेत पेलेट, आपोआप पडतात. धूर नाही, काजळी नाही. आईला कोण कौतुक! खानावळीत जेवायला येणाऱ्या एकेका हमालाला पकडून तिने सांगितलं, की आमच्या सॉ मिलचा भुसा जहाजात बसून माझ्या लेकाच्या घरी जातो. तेव्हा मीही हसले होते.

आता तिची बातमी ऐक. गेल्या आठवड्यात ती स्वयंपाक करता करता कोसळली. दार आतून बंद, आत कोळशाच्या दोन शेगड्या. शेजारच्या शिवणवालीला खिडकीतून पाय दिसले, तिने दार तोडून फरफटत बाहेर काढलं म्हणून वाचली. कोळशाचा वायू डोक्यात गेला म्हणे. आता बोलते, जेवते, पण चार पावलं चालली की धाप लागते. पुन्हा असा कोळसा पेटवलात तर माझ्याकडे आणू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. खानावळीला कुलूप आहे.

दार का लावलं होतं, सांगू? कोळसा इतका महाग झालाय, की अंगणात शेगडी ठेवली तर लोक पेटते निखारे चिमट्याने उचलून नेतात. आपल्या गल्लीत! जिथे भुशाच्या शेगड्या दिवसभर उघड्यावर धुमसायच्या आणि कुणी ढुंकून बघायचं नाही. मिलच्या मागच्या दारातून पोतं भरून आणायचं, एवढाच काय तो खर्च. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा मुठीने ठासायचा, मग बाटली हलकेच फिरवून वर काढायची, की मधे जाळासाठी पोकळी राहते. माझा भुसा नेहमी ढासळायचा. तुझा कधीच नाही. शेजारपाजारच्या बायका त्यांचे डबे तुझ्याकडून भरून घ्यायच्या आणि तू ऐटीत पाटावर बसायचास, जसा काही मोठा कारागीर.

आणि त्याच तू लिहिलंस, की हा भुसा कुणाच्याच उपयोगाचा नाही, नुसता कुजतो! या कांड्या विकणाऱ्या तुझ्या कंपनीचा अहवाल मिलच्या ऑफिसात आला, फाइलला मीच लावला. खाली तुझं नाव वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. श्रीमंत देश जळण केवढं आयात करतात, गरीब देश जवळजवळ काहीच करत नाहीत, म्हणजे गरिबांकडे ते उदंड आहे, असा तुझा हिशेब. अरे शहाण्या, तुमच्याकडे जहाजातून येतं त्याची नोंद होते. आमच्याकडे सरहद्दीपलीकडून, आमच्याहून कंगाल देशातून, माणसं सायकलच्या कॅरिअरवर पोती बांधून लाकडाचा कोळसा आणतात. तो कोण मोजतो? पलीकडच्या टेकड्या बोडक्या झाल्या, असं ती सायकलवाली माणसंच सांगतात. भुसा तुम्ही नेलात म्हणून आम्ही त्यांची झाडं जाळतोय, आणि तुझ्या कागदावर आमच्यापुढे शून्य! दुसऱ्या कुणी परक्याने लिहिलं असतं तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय ठाऊक. तुला ठाऊक होतं रे. नोकरी टिकवायला माणूस काय काय विसरतो, हे तुझ्याकडून शिकावं.

आईला यातलं निम्मंच सांगितलं होतं. बाकीचं तिने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. रडली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला मात्र तसं कुशीवर वळता येत नाही.

मिलला कांड्या दाबायचं दुसरं यंत्र बसवायचंय. म्हणजे उरलासुरला भुसाही गेला. सोमवारी नगरपालिकेत सुनावणी आहे आणि परवानगीसाठी तुझाच अहवाल पुढे केलाय. गल्लीतल्या बायकांनी हरकत घेतलीय. त्यांच्या बाजूने मी साक्ष देणार आहे. मिलमधली नोकरी जाईल, जाऊ दे. तुला परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून आईने लिहायला लावलं, नाहीतर लिहिणार नव्हते. अहवाल लिहिणाऱ्याला ओळखता का, असं तिथे विचारतीलच. ओळखते म्हणेन. माझा पाठचा भाऊ आहे, आणि तो खोटं बोलतोय.

अजून तरी तुझीच,
ताई