स्वल्पविरामाआधीची जागा

सर,

हे पत्र मी हाताने लिहीत आहे. टायपिंग शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे आवडलं नसतं, याची मला कल्पना आहे. तुम्ही तर किराण्याची यादीसुद्धा मशीनवर काढायचात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आज लिहावं लागतं आहे, कारण गेल्या आठवड्यात मी एका वर्गात तुमच्या मुलाचं उदाहरण दिलं. लष्करातून निवृत्त झाल्यापासून मी सुरक्षा दलांतल्या तरुणांना एकच विषय शिकवतो: पडद्यापलीकडचा अनोळखी माणूस आपल्या मनात कसा शिरतो. या विषयाला आता सायबर मानसशास्त्र असं भारदस्त नाव मिळालं आहे. नाव, गाव, खातं वगळून मी प्रकरण सांगितलं. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका प्रशिक्षणार्थी मुलीने विचारलं, "सर, तो माणूस पहिल्याच दिवशी ओळखू आला होता, तर त्याला लगेच थांबवलं का नाही?" मी म्हणालो, "खात्री करायची होती." तिने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हललेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमचा वर्ग जवळा बाजार गावात, सरकीच्या दुकानाच्या माडीवर भरायचा. सहा मशीन होती. हट्ट्याहून येणारी माझी एसटी हमखास उशिरा पोचायची आणि माझ्या वाट्याला उरायचं ते तीन नंबरचं मशीन, जे कुणालाच नको असे. त्याच्या स्वल्पविरामाची दांडी डावीकडे वाकलेली होती. तो आधीच्या अक्षराच्या पोटात जाऊन बसायचा. "आधी एक स्पेस दे, मंग कॉमा मार," असा तोडगा तुम्ही काढलात. "परीक्षेतली मशीन चांगली राहती. तिथं देऊ नको." परंतु वर्ग आणि परीक्षा यांतला फरक बोटांना कळत नाही. बी.कॉम.ला हिशेबात एक गुण न गमावणारा मी, टायपिंगच्या परीक्षेत त्या मोकळ्या जागांपायी गुण घालवून आलो. तीन नंबरवर शिकलेले आम्ही दोघंच. एक मी, आणि दुसरा वर्ग रिकामा झाल्यावर तिथे बसणारा तुमचा मुलगा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोलका, आणि हाताने माझ्याहून कितीतरी वेगवान.

मला अजून दिसतं, तुम्ही आमच्याकडे पाठ करून खिडकीशी बसला आहात. खाली आठवडी बाजार भरलेला, शेळ्यांची ओरड, भावाची घासाघीस, आणि त्या सगळ्या गलक्यातून तुमचा आवाज येतो, "तीन नंबर! बोटाकडं काहून पाहून राहिला? अक्षरं पळून चालली का?" मी दचकतो. न पाहता तुम्हाला कसं कळलं, हे मी धीर करून विचारतो. तुम्ही मान न वळवता म्हणता, "हात बोलतो रे. माणूस नाव बदलंल, हात कसा बदलंल?" दारातून तुमचा मुलगा विचारतो, "मंग माझा हात काय म्हणून राहिला, बाबा?" "भूक लागली म्हणून राहिला. जा, जेवून घे." सारा वर्ग हसतो. आज त्या वाक्याकडे पाहताना मला हसू येत नाही.

लष्करात कारकून म्हणून माझी निवड झाली, तेव्हा तुम्ही मला अक्षरांच्या खोबणीत साचलेली शाई काढायचा ताठ केसांचा ब्रश त्याच्या डबीसकट दिलात. काही वर्षांनी लष्कराच्याच एका साठा डेपोत मुलकी कारकुनाच्या जागा निघाल्या. तुमच्या मुलासाठी अर्ज मीच पाठवला आणि त्याची निवडही झाली. त्याला निरोप द्यायला तुम्ही हिंगोलीच्या बसस्थानकावर आला होतात. मी रजेवर होतो. गाडी हलल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. "तू फौजेत हायस. आमचं लेकरू भोळं हाय, कुणी गोड बोललं की विरघळतंय. ध्यान ठेव त्याच्यावर." मी म्हणालो, "ठेवतो, सर."

पुढच्या दशकात मला लष्करातून बाहेर फुटणाऱ्या माहितीवर नजर ठेवणाऱ्या एका वेगळ्या कक्षात नेमलं. तिथल्या साहेबांनी माझी कागदपत्रं चाळून विचारलं होतं, "बी.कॉम. हो ना? फिर तो गलती ढूँढ़ने की आदत होगी।" काम तेच होतं. सायबर कॅफे गावोगाव उघडले होते, आणि डेपोत, छावणीत एकटी राहणारी माणसं सुटीच्या दिवशी तिथे जाऊन अनोळखी बायकांच्या नावांशी बोलत बसत. ती नावं सुरुवातीला काहीच विचारत नसत. जेवलास का, एवढंच. संभाषणांचे छापील कागद माझ्या टेबलावर येत. लिहिणारा टोपणनावाआड असे आणि तो कोण, कुठला, हे मला त्याच्या लिहिण्यावरून सांगायचं असे. एका सकाळी असाच एक कागद आला. रोमन लिपीतलं हिंदी. आज जेवण नीट झालं नाही , तुझी आठवण आली. इतकंच होतं, आणि स्वल्पविरामाआधी एक जागा सुटलेली होती. पुढच्या ओळीत पुन्हा. त्याच्याही पुढच्या ओळीत पुन्हा.

त्या कागदात गुन्हा काहीच नव्हता. त्या दिवशी मी बोललो असतो, तर तुमच्या मुलाला कुणीतरी समोर बसवून खडसावलं असतं, फार तर बदली झाली असती. मी नोंद केली: ओळख अनिश्चित, निरीक्षण चालू ठेवावे. अकरा दिवस मी निरीक्षण केलं. तुम्ही सांगितलं होतंत तसं, ध्यान ठेवलं. पाचव्या दिवशी पलीकडच्या त्या बाईच्या वाक्यांतही स्वल्पविरामाआधी जागा दिसू लागली. जीव लावलेल्या माणसाच्या लकबी आपण नकळत उचलतो, हे मी आता वर्गात शिकवतो. पण ही लकब नकळत उचललेली नव्हती. ती एका दिवसात आली आणि नंतर एकदाही चुकली नाही. कुणीतरी तुमच्या मुलाचा हात समोर ठेवून गिरवत होतं. त्याला मात्र आपल्यासारखंच कुणी भेटलं, असं वाटत गेलं असणार. नवव्या दिवशी त्याने डेपोतून गाड्या कोणत्या वारी निघणार, ते सांगून टाकलं. गाड्यांचा मार्ग ऐनवेळी बदलला आणि अनर्थ टळला, असं कागदोपत्री आहे. बाराव्या दिवशी मी अहवाल दिला. तेराव्या दिवशी त्याला कामाच्या जागेवरून उचललं.

त्याला शिक्षा लागल्यानंतर मी तुमच्याकडे आलो होतो. वर्ग बंद पडलेला, मशीनांवर कापडं टाकलेली. तुम्ही मला बसायला सांगितलंत, पाणी दिलंत, आणि म्हणालात, "त्यानं नाव तं बदललं व्हतं म्हणतात. मंग वळखलं कशावरून?" मी म्हणालो, "मला माहीत नाही, सर. तो विभाग वेगळा आहे." तुम्ही उठलात. तीन नंबरवरचं कापड काढलंत, कागद चढवलात आणि एक ओळ मारलीत. स्वल्पविराम आपल्या जागी, स्वच्छ उमटला. "दांडी सरळ करून आणली," तुम्ही पाठमोरेच म्हणालात. "आता ह्याच्यावरून कुणाचाच हात वळखू येणार न्हाई." माझ्याकडे न पाहता तुम्ही कापड परत टाकलंत. त्यानंतर आपली भेट झाली नाही. तुमच्या अंत्ययात्रेला मी जाणार होतो. बसस्थानकापर्यंत गेलोही होतो.

त्या मुलीला मी खात्रीचं कारण दिलं. सर, खात्री मला पहिल्याच ओळीला झाली होती. परंतु माझ्या त्यापूर्वीच्या प्रत्येक टिपणात स्वल्पविरामाआधी तशीच जागा होती. ती खूण मी सांगितली असती, तर साहेबांनी सर्वांत आधी माझाच कागद शेजारी धरला असता. ते अकरा दिवस मी कार्यालय भरण्याआधी जाऊन बसत होतो, जुनी टिपणं एकेक करून नव्याने टाइप करत होतो, आणि बोटांची सवय मोडत होतो. बाराव्या दिवशीच्या अहवालात एकही जागा चुकून सुटलेली नव्हती.

हे पत्र तुमच्या ब्रशच्या डबीत घडी करून ठेवणार आहे. ते मशीनवर काढलं असतं, तर कुणाचं आहे, हे तुम्हालाही ओळखू आलं नसतं.