पहिली कापणी

४ नोव्हेंबर
दादा सकाळच्या गाडीने गेला. डोळ्यांचं ऑपरेशन आहे, लेकीकडे राहणार. पिशवी खांद्यावर, पण तोंडी विषय लसूणघासाचा, गाईच्या चाऱ्याचाच. वीस दिवसांपूर्वी पेरलेला, बोटभर वर आलाय. "पहिलं वर्ष मुळांचं असतं. जांभळी फुलं दिसेपर्यंत विळा लावू नकोस. आणि कापशील तेव्हा खालून चार बोटं ठेव." तीनदा सांगितलं. मी म्हटलं, अरे, तीस वर्षं पोरींना शिवण शिकवलंय, चार बोटं मला कळतात.

१५ नोव्हेंबर
पाणी दिलं. तण काढलं. कंबर कामातून गेली.

२८ नोव्हेंबर
घास वाढतोय, पण वरखाली. कुठे वीतभर, कुठे गुडघ्याएवढा. नवशिकीने शिवलेल्या झग्याच्या घेरासारखा. रोज बघून चिडचिड होते.

१ डिसेंबर
कापला. फुलाचा पत्ता नव्हता, तरी कापला. गाभण गाईला ओला चारा हवा, हे निमित्त. खरं म्हणजे वाकडी कड मला बघवत नाही. विळा जमिनीला भिडवून सरळ रेषेत कापत गेले, टेबलावर कापड कापते तशी. संध्याकाळी बांधावर उभी राहिले – काय सुरेख दिसत होतं! स्वतःवर खूश झाले होते, हेही लिहून ठेवते.

२ डिसेंबर
शेजारची दूधवाली दुधाचं भांडं ठेवायला आली, बांधावरूनच म्हणाली, "अहो बाई, डोकंच उडवलंत की याचं. फुटवे तिथूनच यायचे असतात." येतील, म्हटलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१२ डिसेंबर
अर्ध्या जागेत फुटवे नाहीत. तण मात्र जोरात.

१६ डिसेंबर
दादाचा फोन. ऑपरेशन झालं, पट्टी आहे. "विळा लावला नाहीस ना?"
"नाही रे."
किती सहज बोलून गेले!

२७ डिसेंबर
पुन्हा फोन. "आता फुलं आली असतील."
"आली."
"कापलास? चार बोटं ठेवून?"
"चार."
भाची मागून सांगत होती, बाबा टेबलावर आडवे झाले तरी डॉक्टरांना घासाबद्दलच सांगत होते. फोन ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गात एखादीचं माप चुकलं की सगळ्यांसमोर टाके उसवायला लावायचे मी. वर चार शब्दही सुनावायचे. हे उसवायचं कसं?

२ जानेवारी
मोकळ्या जागी नवीन बी टाकलं, गुपचूप. दूधवालीने पाहिलंच. "जुन्या घासात नवा धरत नाही, बाई." तिला सगळंच कसं दिसतं?
दादा रविवारी येतोय. दुपारी तण उपटताना मनात आलं, सांगावं – दूधवालीच्या गाई घुसल्या. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. जिने एका शब्दाने माझी चहाडी केली नाही, तिच्या गाई! वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी ही अशी आहे. स्वतःची शिसारी आली.

५ जानेवारी
दादा आला. भाचीने हात धरून गाडीतून उतरवलं. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. मी काळजी करीन म्हणून फोनवर सांगितलं नव्हतं.
घरात न शिरता म्हणाला, आधी बांधावर ने. खुर्ची नेली, बसवलं. "आता तू सांगशील तसं माझं शेत. सांग, कसा दिसतोय घास?"
'छान' जिभेवर आलंच होतं.
"दादा, फुलं यायच्या आधीच कापला मी. पार मुळाशी. अर्धा मेलाय. फोनवर खोटं बोलले."
त्याने खुर्ची थोडी पुढे सरकवली.
"बरं. अजून काय दिसतंय?"