सहाव्या डेकवरचा मेळावा

२ डिसेंबर
ठरलं. बुकिंग केलं. मुंबईहून सुटणारी मोठी विदेशी बोट, गोवा, कोची आणि परत. नेमकी शाळेच्या थंडीच्या सुट्टीत. वेबसाइटवर बारीक अक्षरांत लिहिलंय की बोटीवर रोज संध्याकाळी एलजीबीटी प्रवाशांचा मेळावा भरतो. ते वाचलं आणि उठून खिडकी लावली. घरात मी एकटाच असतो, तरी.

मी गे आहे. हे मला कॉलेजपासून माहीत आहे, म्हणजे स्वतःशी मी पूर्ण प्रामाणिक आहे. बाकीच्यांशी प्रामाणिक व्हायला फक्त योग्य प्रसंग हवा होता. बऱ्हाणपुरात तो यायचा नाही, इथली माणसं फार मागास. समुद्रात येईल.

संकल्प: पहिल्या संध्याकाळी मेळाव्यात जायचं. दुसऱ्या संध्याकाळी नेतृत्व घ्यायचं.

५ डिसेंबर
स्टाफरूममध्ये सांगितलं की सागरी भूगोलाच्या अभ्यासाला चाललोय. कोणी काही विचारलं नाही. थोडं विचारायला हवं होतं.

संध्याकाळी आरशासमोर सराव. हाय, आय ॲम मधुकर, अँड आय ॲम गे. सगळं वाक्य खणखणीत, शेवटचा शब्द तेवढा घशात राहतो. ॲक्सेंटचा प्रॉब्लेम. स्वयंपाकाच्या रंभाबाईंनी आतून विचारलं, सर, काही मांगून राहिले का? म्हटलं, चहा.

११ डिसेंबर
घात झाला. ट्रॅव्हल एजन्सीवाला चेतन हा जिजाजींचा मित्र आहे हे लक्षातच राहिलं नाही. गावातल्याच राजपुऱ्यातून सुलभाताईचा फोन. एकटा का बरं जाऊन राहिला तू? पाण्याचा मामला आहे, आम्ही काय मरून गेलो का? आमच्या घराण्यात माणूस फक्त ऑपरेशनला एकटा जातो, आणि तेव्हाही बाहेर सगळे डबे घेऊन बसलेले असतात. ताई, गजानन जिजाजी आणि भाची हिमानी, तिघांचं बुकिंग त्याच बोटीवर झालंसुद्धा.

काळजी नाही. बोटीला पुष्कळ मजले आहेत. आमची माणसं जेवणाचा मजला सोडून कुठे जायची नाहीत.

१८ डिसेंबर
गुलाबी लिननचा शर्ट घेतला. खंडव्याला जाऊन, कारण इथले दुकानदार ओळखीचे. घरी घालून पाहिला. वरून स्वेटर घातला. छान दिसतो.

३० डिसेंबर, बोटीवर
रोजचा छापील कार्यक्रम केबिनच्या दाराखालून येतो. योगा, बिंगो, आणि बिंगोच्या खाली चक्क: एलजीबीटी प्रवाशांचा मेळावा, सहावा डेक.

स्वागताला कोणीतरी असेल, बॅज देतील, असं वाटलं होतं. तसं काही नसतं. कंपनी बारचा एक कोपरा राखून ठेवते, टेबलावर एक पाटी, बस्स. पुढचं आपलं आपण बघायचं. टेबलाशी एकच माणूस होता. पन्नाशीचा, मोहरी रंगाचा कुर्ता, चष्मा कपाळावर. वेटरशी बोलताना असा मोकळा हसत होता की मी खांबामागे थांबून पूर्ण ऐकलं. पाहणी म्हणून तीन-चार चकरा मारल्या. आत गेलो नाही. कोरम नव्हता.

३१ डिसेंबर
बोट लागली. दिवसभर पडून. हिमानी म्हणते समुद्र एकदम शांत होता, मामा. भूगोल मी शिकवतो की ती?

संध्याकाळी ताई केबिनमध्ये आली. मेळाव्याला जाऊन आली होती! हिमानीला घेऊन! हिमानीनं कार्यक्रम वाचून दाखवला, अर्थही नीट सांगितला. त्यावर ताई म्हणे, मग काय झालं, बसायलाच तर बोलावलं ना? आणि घरून आणलेला दराब्याचा डबा उचलून निघाली. गोड नेल्याशिवाय कोणाकडे बसायला जायची आपल्याकडे पद्धत नाही.

तिथे तिनं तेच केलं जे ती तेराव्यालाही करते. तुम्ही कुठले, कोणाचे, मामाचं गाव कोणतं. कुर्तेवाल्याचं नाव निरंजन, भुसावळला चष्म्यांचं दुकान. मावशी फोपनारची, केळीवाली. ती जिजाजींच्या आत्याची शेजारीण निघाली. झालं, निरंजन घरचा झाला. इंदूरच्या दोघी जणी एकमेकींबरोबर राहतात, त्यांना विचारलं की दोघींत स्वयंपाक कोण करतं. दोन डच म्हातारे नवरा-नवरा आहेत, त्यांनी दराबा मागून घेतला.

माझा भयंकर संताप झाला. मेळावा आमचा, हिचा काय संबंध? तोंडावर सुनावणार होतो. कोणत्या नात्यानं सुनावायचं, ते ठरेना.

जाताना दारात थांबून म्हणाली, उद्या तू चल, मधू. निरंजन चांगला माणूस आहे, एकटाच आहे. मी तुझी जागा धरते. विचारलं, माझी कशाला? म्हणाली, असंच. ताईला काही माहीत असणं शक्य नाही. मी फार सावध माणूस आहे.

१ जानेवारी
नवं वर्ष, नवा मधुकर. गुलाबी शर्ट, स्वेटर नाही.

गेलो. सरळ आत गेलो, हे आधी लिहून ठेवतो. निरंजनशेजारच्या खुर्चीवर ताईनं पर्स ठेवली होती, इंदूरच्या बसमध्ये ठेवतात तशी. त्यानं ती उचलून तिला दिली आणि मला म्हणाला, बसा ना. ओळखी चालल्या होत्या. जो तो नाव सांगे, मग आपण कोण ते सांगे. एका डचाला सांगताना हसू आलं, दुसऱ्यानं त्याचा हात धरला. मग माझी पाळी. निरंजननं खुर्ची माझ्याकडे वळवली. ताईनं हातातला घास तसाच खाली ठेवला.

मी म्हणालो की मी यांचा भाऊ, यांना जेवायला बोलवायला आलो.

इथेच थांबायला हवं होतं. पण शांतता झाली, आणि शांतता झाली की मी शिकवायला लागतो. म्हणालो की समाजानं अशा लोकांना समजून घेतलं पाहिजे. की माझ्यासारख्या सर्वसामान्य माणसाला यात काही अडचण नाही. की यांच्यातही हुशार माणसं असतात. टाळ्या पडल्या. डच लोकांनीही वाजवल्या, त्यांना भाषा कळली नव्हती. निरंजननं हात मिळवला. म्हणाला की सर, तुमच्यासारखे लोक आमच्या बाजूनं पाहिजेत. हात उबदार होता. लगेच सोडला.

भाषण उत्तम झालं. ताई जेवली नाही.

९ जानेवारी
घरी. निरंजनला फोन करून सगळं स्पष्ट सांगणार. नंबर ताईकडे. मागितला तर विचारेल कशाला. संक्रांतीनंतर बघू. आधी प्री-बोर्डचे पेपर.

२० जानेवारी
ताईचाच फोन. बोटीवरच्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय आणि ॲडमिन ती आहे! तिच्या घरी तिळगुळाचा कार्यक्रम. निरंजन येतोय, इंदूरच्या दोघी येताहेत, शिवाय इथले गावातले काही जण. नावं ऐकून मी खाली बसलो. एक तर आमच्या स्टाफरूममधले, केमिस्ट्रीचे निंबा सर.

निरंजननं सुचवलं की समाजाच्या वतीनं प्रमुख पाहुणे म्हणून मधुकर सरांना बोलवा. ताई म्हणाली, पाहुणा म्हणून येतो का घरचा म्हणून? जसा येशील तसा ये रे, पण मला एकदा सांगून दे. म्हटलं, विचार करून कळवतो.

विचार केला. प्रमुख पाहुणा म्हणून कळवलं. आधी विश्वास संपादन करायचा, मग खुलासा. मोठी माणसं असंच करतात.

२ फेब्रुवारी
ताईची बैठक भरून गेली होती. निंबा सर सगळ्यांना पाणी देत होते. मला म्हणाले, सर, तुम्ही आलात, फार बरं वाटलं, तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. रोज मधल्या सुट्टीत या माणसाशेजारी मी डबा खातो. एक शब्द बोलला नाही कधी. मीही नाही.

भाषण झालं. खुलाशाला वेळ उरला नाही.

मग सत्कार. निरंजननं शाल मागून घेऊन पुढे आणली, दोन्ही खांद्यांवर हातानं नीट बसवली. तेवढा वेळ त्याचे हात माझ्या खांद्यांवर होते. मग नारळ दिला आणि जाऊन बसला, निंबा सरांशेजारी. त्यांच्या कानात काहीतरी म्हणाला. दोघं हसले.

मला रडू आलं. आवरेना. लोकांना वाटलं सर सत्कारानं गहिवरले, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ताई उठून आली, पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, काय झालं रे मधू?

म्हटलं, शाल टोचते.