उलट्या पावलानं

आणि दोष नेहमी ओलांडणाऱ्याचाच काहून वं, माय? मी खाली झोपलेला असलो आणि बाबा चुकून माझ्यावरून गेले, का तू पोळी तव्यावर टाकून धावत यायची. "आधी मागं फिरा! पोराची वाढ खुंटते, अक्कल आहे का तुमाले?" बाबा हसायचे, "आता काय रिवर्स गिअर टाकू?" आणि खरंच उलट्या पावलानं परत माझ्यावरून जायचे. मगच तुझा जीव भांड्यात पडायचा. पण डॉक्टरनं टॉन्सिल काढा म्हटलं, तर "लेकराच्या गळ्यात चाकू घालू देत नाही" म्हणून मले दवाखान्यातून उचलून आणलं. नंदनवन वस्तीतल्या आपल्या त्या खोलीत मी तोंड उघडं टाकून घोरतच राहिलो. तू वारली तेव्हा मी दहाचा होतो, दिसायचो सहाचा. इथं चेन्नईच्या बांधकामाच्या साइटवर अजून सगळे मले छोटूच म्हणतात.

आता माझ्या पोराचं तेच. पाच वर्षांचा झाला, तिसऱ्या वर्षीचा शर्ट अजून होते त्याले. डॉक्टरनं बायकोले सांगितलं, "टॉन्सिल इतके वाढले की झोपेत श्वास अडकतो. नीट झोपच नाही, तर वाढेल कसा? काढून टाका." परवा दुपारी तो झोपला होता, तर बायकोनं फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. घर्र, घर्र, मग काहीच नाही. मी इथं सळाख पकडून उभा आहे, आणि तिकडून काहीच येत नाही. मग एकदम श्वास आला, पोरगा दचकून उठला.

"बाबा, ती बाई आली होती."

"कोणती बाई रे?"

"रोजची. माझ्यावरून जाते. उलटी चालते."

बायको म्हणे, घरात कोणी नाही, दार आतून लावलेलं आहे. पोरानं तुले कधी पाहिलं नाही. तुझा फोटोही नाही आमच्याजवळ. अन् उलटं ओलांडायची गोष्ट मी कोणालेच सांगितली नव्हती माय, बायकोलेही नाही.

ऑपरेशन होणार म्हणजे होणार. या टायमाले तुझं ऐकत नाही. हे पत्र टाकू तरी कुठं, खिशातच राहील. पण एक सांगून टाकतो. पोरगा फोनवर विचारून राहिला होता, "बाबा, ती आली का मी उठून बसू काय?" मी म्हटलं, "नको. पडून राह. तिले जाऊ दे."

आज बायकोले ऑपरेशनचे बावीस हजार पाठवून राहिलो.