डावीकडची मिश्री

आई, माझी खालची उजवी दाढ काढली. तू असतीस तर हसली असतीस, कारण दात काढायला डॉक्टर लागतो हे तुला कधी पटलंच नाही. लालबागच्या नाक्यावर दवाखाना आहे, डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. “काकू, पोटभर खाऊन या,” म्हणाली, म्हणून मी चार घावणे चेपून गेले. खुर्चीत बसल्यावर तिने विचारलं, बीपी? नाही. शुगर? नाही. तंबाखू? “छे गं, आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत!” अगदी ठणकावून सांगितलं. दाढ निघाली आणि तोंडात कापूस दाबून मी चालत घरी आले. टॅक्सीसुद्धा केली नाही.

थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम खायचं नाही, असं तिने बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी तुझी पत्र्याची डबी उघडली नि बोटावर मिश्री घेतली. दाढ उजवीकडची, म्हणून मिश्री डावीकडे लावली. एवढी अक्कल आहे मला! थुंकलेसुद्धा अगदी हळू.

तिसऱ्या दिवशी कानापर्यंत कळ. डॉक्टर म्हणाली, “जखमेत रक्ताची गुठळी धरायला हवी, ती सुटून गेलीय. काकू, नक्की तंबाखू नाही ना?” “नाही म्हटलं ना. मिश्री लावते फक्त.” तिने हातातलं हत्यार खाली ठेवलं. “आणि मिश्री कशाची करतात?”

मला माहीत नसेल? मीच तर भाजायचे. शाळेतून आले की तू मला स्टोव्हपाशी बसवायचीस, तव्यावर तंबाखूची पानं काळी व्हायची, खोलीभर धूर व्हायचा आणि शेजारची काकी खोकत ओरडायची, “काय गो, चाळ पेटवतंस काय?” माझ्या हातची मिश्री कडक व्हायची म्हणून तू चाळभर कौतुक करायचीस. पण मी एकदाच ती दातांना लावून बघितली, तर तू अशी कानाखाली वाजवलीस की संध्याकाळपर्यंत गाल हुळहुळत होता. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी ब्रश आणि ट्यूब आणलीस. अख्ख्या घरात एकच ब्रश, तो माझा. “माका सुटणा नाय,” तू म्हणालीस. “तुका लागूक नको.”

मग तुझ्या गालात तो फोड आला. शेवटी तोंड उघडेना, मी चमच्याने पेज घालायचे. तेराव्यानंतर घर आवरताना डबी हाती लागली, अर्धी भरलेली. तुझा वास यायचा तिला. आधी नुसती हुंगली, मग बोटभर लावली. एकोणीस वर्षं झाली त्याला.

हे सगळं मी त्या पोरीला सांगून टाकलं. तिने गाल ओढून दिवा धरला. डावीकडे पांढरा डाग, तुझा फोड होता तिथेच. आजपासून मिश्री बंद, म्हणाली, तीन आठवड्यांनी डाग तसाच दिसला तर तुकडा काढून तपासायचा. घाबरले गं मी. जिन्यात बसून रडले. पण मग डोळे पुसले. तुझीच लेक मी, बंद म्हणजे बंद. डोकं ठणकायचं, घरात प्रत्येकावर खेकसत सुटले, पण बोट तोंडात गेलं नाही. आज दाखवून आले. दाढेची जखम भरलीय आणि डाग इतका फिका झालाय की तिला दोनदा दिवा फिरवावा लागला. तुकडा काढायची गरज नाही, पण तपासायला येत राहायचं. येईन की! मला काय धाड भरलीय?

घरी येऊन डबी मोरीत ओतली, घासली, उन्हात ठेवली. हे पत्र घडी घालून तिच्यातच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू?

पण ओतायच्या आधी एकदा हुंगली, आई. नुसती हुंगली. हे डॉक्टरला सांगणार नाही. तुला सांगितलं. वाजव कानाखाली.